इंटरनेटच्या वापरास मर्यादा : न्याय्य कोणती, अन्याय्य कोणती?

पाटाच्या पाण्याची पाळी, पंपाच्या विजेची आकारणी, सामाईक विहिरींतील हिस्सा, या विषयांवरील वाद आमच्या वाचकांस नवे नाहींत. जी वस्तु सर्वांना हवी असते, आणि बहुधा एकाच वेळीं हवी असते, तिची वांटणी कोणत्या मापानें करावी हा त्या सर्व वादांचा गाभा असतो. गेल्या कांहीं वर्षांत या यादींत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे फायबरच्या तारेनें अगर टॉवरवरून घरांत येणारें इंटरनेट. तें पुरविणाऱ्या कंपन्या 'अमर्याद' या नांवानें जोडणी विकतात, आणि ठराविक जीबीचा आंकडा ओलांडतांच तिचा वेग इतका उतरवितात कीं ती असून नसल्यासारखी होते. कांहीं देशांत वेग न उतरवितां वरकड वापराचा आकार बिलांत चढवितात. या धोरणास आपल्याकडे 'फेअर यूसेज पॉलिसी', म्हणजे न्याय्य वापराचें धोरण, असें भारदस्त नांव आहे. परंतु नांवांत न्याय असला म्हणजे व्यवहारांत तो असतोच असें नाहीं. तो तेथें कितपत आहे हें पाहण्याचा या लेखांत विचार आहे.

शेतीच्या मासिकांत हा विषय कशास, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, शेतकऱ्याचें दफ्तर आतां या तारेंत गेलें आहे. सातबाराचा उतारा संगणकावरून निघतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत शेतकऱ्यानें आपल्या पिकाचें छायाचित्र स्वतः काढून पाठवावयाचें असतें. बाजारसमित्यांस जोडणारी ई-नाम योजना १४ एप्रिल २०१६ रोजीं सुरू झाली. पावसाचा अंदाज, कांद्याचा भाव, रोगाची ओळख, बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, हीं सर्व कामें एकाच वाटेनें चालतात. ज्या वाटेवरून माल, कागद व विद्या हीं तिन्ही येतात, तिच्यावरील जकात कोणी, किती व कोणत्या तत्त्वावर घ्यावी हा प्रश्न बागायतदारास जितका लागू आहे तितकाच कोरडवाहूवाल्यासही आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. डेटा मोजण्याची भाषा धरणांतील पाण्याच्या भाषेसारखी झाल्यानें मोठा घोटाळा होतो. धरणांत जें पाणी सांठतें तें मोजकें असतें. एकानें उन्हाळ्यांत ऊंसास चार पाळ्या अधिक घेतल्या तर दुसऱ्याचा भुईमूग वाळतो, आणि गेलेलें पाणी पुढील पावसाळ्यापर्यंत परत येत नाहीं. म्हणून धरणाचें पाणी घनमापानें मोजून देणें योग्य आहे, व पाणीवापर संस्थांनीं तें पत्करलेंही आहे. इंटरनेटची जात निराळी. कंपनीजवळ जीबींचें कोठार नसतें. तिच्याजवळ असतो तो वाहण्याचा मार्ग, आणि त्या मार्गाची रुंदी. एका क्षणीं त्यांतून किती वाहूं शकेल याला हद्द आहे. परंतु महिनाभरांत एकानें किती घेतलें यामुळें दुसऱ्यासाठीं कांहीं कमी उरत नाहीं.

ही गोष्ट आमच्या धुळें व नाशिक जिल्ह्यांतील वाचकांस चटकन् पटेल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील जुन्या बंधाऱ्यांवर फड पद्धति चालत आली आहे. तेथें सांठा थोडा व प्रवाह मुख्य. रात्रीं कोणी पाणी लाविलें नाहीं तर तें सकाळसाठीं शिल्लक राहत नाहीं, नदीनें पुढें निघून जातें. म्हणून फडांतला शहाणपणा पाणी राखून ठेवण्यांत नसून पाळी नीट लावण्यांत आहे. पाटकरी दिवसा व रात्रीं, वरच्या व खालच्या, सर्वांच्या पाळ्या बसवितो. इंटरनेटचें जाळें हें असल्या बंधाऱ्यासारखें आहे. मध्यरात्रीं दोन वाजतां जी तार रिकामी राहिली तिची ती रिकामी घटका कोणाच्याच कामास येत नाहीं.

दुसरें उदाहरण पंपाच्या विजेचें घेऊं. शेतीपंपाची आकारणी दोन रीतींनीं होते : कोठें मीटर बसवून युनिटावर, तर कोठें पंपाच्या अश्वशक्तीवर. युनिटावरील आकारणी वापराची होय, अश्वशक्तीवरील आकारणी सामर्थ्याची होय. अश्वशक्तीच्या आकारणीनें पंप बेसुमार चालले व भूजल खालीं गेलें, असा आक्षेप जाणते लोक घेतात, आणि त्यांत तथ्य आहे. विजेच्या प्रत्येक युनिटामागें कोठेंतरी कोळसा जळतो, आणि पंपाच्या प्रत्येक तासामागें विहिरीचें पाणी उतरतें. म्हणून तेथें मीटरचें माप सयुक्तिक आहे. परंतु तारेंतून एक जीबी अधिक गेला म्हणून कोळसा जळत नाहीं व विहीरही आटत नाहीं. जमिनींत चर खणून तार पुरणें, यंत्रें बसविणें, माणसें ठेवणें, हा कंपनीचा मुख्य खर्च. तो तार वापरली तरी होतो व न वापरली तरी होतो. अशा वस्तूची आकारणी वेगावर, म्हणजे सामर्थ्यावर, करणें स्वाभाविक आहे. आणि ती तशी होतेच. पन्नास एमबीपीएसच्या जोडणीपेक्षां दोनशेंच्या जोडणीला अधिक रुपये पडतात. एकदां वेगाचे पैसे घेतल्यावर पुन्हां जीबींचीही हद्द घालणें म्हणजे पंपाची अश्वशक्तीवर आकारणी करून वर मीटरही लावण्यासारखें आहे.

कंपन्यांचें म्हणणें आम्ही टाळूं इच्छीत नाहीं, कारण तें अगदींच पोकळ नाहीं. त्या म्हणतात, एका भागांतील शेंकडों घरें एकाच मोठ्या तारेवर अवलंबून असतात. प्रत्येकास चोवीस तास पुरा वेग द्यावयाचा तर जोडणीचा दर कोणालाच परवडणार नाहीं. सर्वजण एकदम पुरा वेग मागत नाहींत या भरंवशावरच स्वस्त जोडणी उभी आहे. आणि मूठभर लोक रात्रंदिवस तार भरून वाहूं लागले तर बाकीच्यांवर अन्याय होतो. यांतील पहिले तीन मुद्दे आम्हांस मान्य आहेत. गांवच्या एस. टी. गाडींत गांवाइतक्या जागा नसतात, आणि तशा ठेवणें कोणी शहाणपणाचें म्हणणारही नाहीं. सामाईक वस्तूंत थोडी दाटी गृहीत धरावीच लागते. आमचा मतभेद आहे तो चौथ्या मुद्द्याच्या मापाविषयीं.

दाटी ही वेळेची बाब आहे. इंटरनेटवर ती संध्याकाळीं सात ते अकराच्या सुमारास होते. त्या वेळीं घरोघर चित्रपट, क्रिकेट व मुलांचे खेळ चालूं असतात. आतां दोन शेतकरी कल्पा. एकजण आपल्या शीतगृहाच्या कॅमेऱ्यांचें चित्रण व कामाचीं मोठालीं दफ्तरें रोज मध्यरात्रीनंतर पाठवितो. त्याचा महिन्याचा वापर हजार जीबी होतो. दुसरा केवळ रात्रीं आठ ते दहा उच्च प्रतीचें चलच्चित्र पाहतो. तासास सुमारें ३ जीबी या हिशेबानें त्याचा महिन्याचा वापर १८० जीबी भरतो. जीबींच्या मापानें पहिला अपराधी व दुसरा सज्जन ठरतो. वस्तुतः दाटींत भर घालणारा दुसराच आहे. पहिल्यानें कोणाचेंही कांहीं अडविलेलें नाहीं. जें माप निरुपद्रवी माणसास दंड करतें व गर्दी करणारास मोकळें सोडतें, तें माप गर्दी आवरण्यासाठीं योजिलेलें आहे असें म्हणणें कठीण आहे. महिन्याच्या मर्यादेचा एक विपरीत परिणाम असाही कीं, ती संपेपर्यंत दाटीच्या वेळींही कोणास आडकाठी नाहीं, आणि ती संपल्यावर मोकळ्या वेळींही मोकळीक नाहीं.

हिशेब थोडा पुढें नेऊं. शंभर एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदास साडेबारा एमबी. तीस दिवस अखंड चालल्यास तींतून सुमारें ३२,४०० जीबी जातील. आपल्याकडील कित्येक 'अमर्याद' योजनांच्या बारीक अक्षरांत ३,३०० जीबीची हद्द आढळते. म्हणजे विकलेल्या सामर्थ्याच्या दशांशावर कुंपण आहे. पुऱ्या वेगानें चालविल्यास ही हद्द अवघ्या तीन दिवसांत गांठतां येते. सामान्य कुटुंबास ३,३०० जीबी पुष्कळ झाले, हें आम्ही कबूल करतों. आमची तक्रार आंकडा लहान असल्याची नाहीं. ज्या मालास हद्द आहे त्यास 'अमर्याद' म्हणून विकूं नये, इतकीच ती आहे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आंकडा खोटा छापल्यास कायदा हात धरतो. येथेंही तोच न्याय लागला पाहिजे.

शिवाय आजचा 'पुष्कळ' हा उद्यांचा 'बेताचा' ठरतो. अमेरिकेंतील कॉमकास्ट या बड्या कंपनीनें ऑक्टोबर २००८ पासून महिन्यास २५० जीबीची मर्यादा घातली. त्या वेळीं मधल्या ग्राहकाचा वापर महिन्यास अवघा २ ते ३ जीबी आहे, असें कंपनीच सांगत होती. तेव्हां ही मर्यादा सामान्य माणसास कधीं लागणारच नाहीं असें सर्वांस वाटलें. २०१६ सालीं ती मर्यादा एक टीबी, व २०२० सालीं १.२ टीबी करावी लागली. आज त्या देशांतील घराचा सरासरी वापरच महिन्यास ५०० जीबींच्या पुढें गेला आहे. ज्याला २००८ सालीं अधाशी म्हणून बोट दाखविलें जात होतें, त्याच्या दुप्पट वापर आज शेजारची आजीबाई करते. म्हणून 'जास्त वापरणारांपुरतेंच हें आहे, तुम्ही निश्चिंत असा' या आश्वासनावर आम्ही विसंबून राहण्यास तयार नाहीं.

ती मर्यादा कशी आली हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. २००७ सालीं हीच कंपनी बिटटॉरेंट नांवाच्या रीतीनें फायली पाठविणारांच्या वाहतुकींत गुपचूप अडथळा आणीत असल्याचें उघड झालें. अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें ऑगस्ट २००८ मध्यें ती रीत बंद करण्याचा हुकूम दिला. पुढें एप्रिल २०१० मध्यें न्यायालयानें तो हुकूम आयोगाच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला, ही गोष्ट निराळी. परंतु छुपा अडथळा निषिद्ध ठरतांच उघड मर्यादा पुढें आली, हा क्रम बोलका आहे. त्या मर्यादेबरोबर थोडा वापर करणाराचें बिल कांहीं उतरलें नाहीं. न्याय्य वांटणी हा हेतु असता तर एकाकडून घेतल्याबरोबर दुसऱ्यास कांहीं तरी मिळावयास हवें होतें.

टाइम वॉर्नर केबल या दुसऱ्या कंपनीनें २००८ सालीं टेक्सास प्रांतांतील बोमाँट येथें प्रयोग केला, आणि एप्रिल २००९ मध्यें रॉचेस्टर, ग्रीन्सबरो, ऑस्टिन व सान अँटोनियो या शहरांत तो नेण्याचें जाहीर केलें. पांच जीबीपासून चाळीस जीबीपर्यंतचे टप्पे व त्यावर प्रत्येक जीबीस एक डॉलर, असें त्याचें मूळ स्वरूप होतें. लोकांनीं व त्यांच्या प्रतिनिधींनीं इतका गिल्ला केला कीं त्याच महिन्यांत कंपनीस तो बेत गुंडाळावा लागला. पुढें जानेवारी २०१३ मध्यें तेथील केबल कंपन्यांच्या संघाचे अध्यक्ष मायकेल पॉवेल यांनींच जाहीरपणें मान्य केलें कीं, या मर्यादांचा मुख्य हेतु दाटी आवरणें हा नसून, जाळें उभारण्याचा मोठा स्थिर खर्च वसूल करण्याची रीत बसविणें हा आहे. हे गृहस्थ पूर्वीं त्याच दळणवळण आयोगाचे अध्यक्ष होते, हें सांगितलें म्हणजे त्यांच्या शब्दाचें वजन ध्यानांत येईल. खर्च वसूल करणें हा गुन्हा नव्हे. आमच्या संस्थाही खताच्या पोत्यावर वाहतूक व हमाली लावतात. परंतु हमाली ही हमाली म्हणूनच लावावी, तिला न्यायदान म्हणूं नये.

मार्च २०२० मध्यें साथीमुळें लोक घरीं बसले, शाळा व कचेऱ्या तारेवर आल्या, आणि वापर एकाएकी वाढला. दाटीच्या भीतीसाठींच मर्यादा असत्या तर त्या या प्रसंगीं अधिक कडक व्हावयास हव्या होत्या. उलट अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांनीं त्याच काळांत त्या तात्पुरत्या उठविल्या, आणि तरीही जाळें कोसळलें नाहीं. साथीचा पहिला जोर ओसरतांच मर्यादा परत लागू झाल्या. आणखी एक गोष्ट अशी कीं, ज्या ईशान्य भागांत तोडीस तोड दुसरी कंपनी फायबर घेऊन उभी होती, तेथें कॉमकास्टची ही मर्यादा लागू नव्हती. २०२१ सालीं ती तेथें नेण्याचा बेत झाला, परंतु विरोधामुळें तडीस गेला नाहीं. जून २०२५ मध्यें, फायबर व फाइव्ह-जी यांची चढाओढ वाढल्यावर, त्या कंपनीनें आपल्या नव्या योजनांत मर्यादा नसल्याचें जाहीर केलें. जेथें अडत्या एकच तेथें कडता अधिक. दुसरा अडत्या पेढी मांडतांच कडता आपोआप सुटतो. हा अनुभव आम्हां शेतकऱ्यांस कोणी शिकवावयास नको.

कॅनडाचा दाखला आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण तेथें हा प्रश्न मापाच्या मुळापर्यंत गेला. तेथील लहान कंपन्या बेल या मोठ्या कंपनीच्या तारा घाऊक भाड्यानें घेऊन आपल्या ग्राहकांस पुरवठा करीत. जानेवारी २०११ मध्यें तेथील नियामक मंडळानें असा निर्णय दिला कीं, मोठ्या कंपनीनें या लहान कंपन्यांकडूनही जीबींच्या मापानें आकार घ्यावा. म्हणजे जो अधिक उदार योजना देऊन ग्राहक मिळवीत होता त्याचे हातही त्याच दोरीनें बांधले गेले. चार लाखांहून अधिक लोकांनीं निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. सरकारनें निर्णय फिरविण्याचा इशारा दिला. आणि मंडळानें फेरविचार करून नोव्हेंबर २०११ मध्यें नवी पद्धति ठरविली. तिच्या मुख्य रीतीप्रमाणें लहान कंपनीनें महिन्याच्या एकूण जीबींवर पैसे न भरतां, आपल्या सर्व ग्राहकांस मिळून जितकी रुंदी लागते तितकी विकत घ्यावयाची. थोडक्यांत, माप युनिटावरून अश्वशक्तीवर आलें. सामर्थ्याचें माप व्यवहारांत बसवितां येत नाहीं असें म्हणणारांस हा निर्णय उत्तर आहे.

तथापि मर्यादा केव्हांही नसावी असें आमचें मत नाहीं. जेथें टंचाई खरी आहे तेथें पाळी लावलीच पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील दूरच्या गुरांच्या व मेंढ्यांच्या कुरणांवर तार नेणें परवडत नाहीं, म्हणून तेथील सरकारी कंपनीनें २०१५ व २०१६ सालीं स्काय मस्टर नांवाचे दोन उपग्रह सोडले. उपग्रहाची रुंदी चरांत आणखी एक तार टाकून वाढवितां येत नाहीं. म्हणून तेथें जीबींची हद्द आली. परंतु ती घालतांना दिवसाचा हिस्सा व रात्रीं एक ते सातचा हिस्सा वेगळा धरला गेला. घरबसल्या दूरशिक्षण घेणाऱ्या कुरणांवरील मुलांसाठीं निराळी सोय ठेवली. आणि २०१९ सालच्या सुधारलेल्या योजनेंत साधें वाचन, पत्रव्यवहार अशीं हलकीं कामें हद्दींत मोजणें बंद केलें. टंचाईची वांटणी कशी करावी याचा हा बऱ्यापैकी नमुना आहे. मोबाईलच्या टॉवरची गोष्टही थोडीशी अशीच आहे. एका टॉवरखालीं पांच वाड्या असतील तर आकाशांतली जागा सर्वांस मिळून एकच. त्यामुळें मोबाईलवर रोजची एक-दोन जीबींची हद्द असण्यास कांहीं आधार आहे. तोच आधार फायबरच्या तारेस लावतां येणार नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, २०१६ सालीं घरगुती ब्रॉडबँडविषयीं असें बंधन घातलें कीं, हद्द संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खालीं नेऊं नये व ग्राहकास हद्द जवळ आल्याची सूचना द्यावी. त्या वेळीं हें ठीक होतें, कारण २०१३ पासून ५१२ केबीपीएस हीच ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या होती. जानेवारी २०२३ मध्यें ती व्याख्या दोन एमबीपीएसवर गेली. मग हद्दीनंतरचा किमान वेगही त्याबरोबर चढावयास नको काय? ग्राहक ब्रॉडबँडचे पैसे देतो; महिन्याच्या अखेरीस त्यास मिळणारी वस्तु सरकारच्याच व्याख्येनें ब्रॉडबँड नसावी, हें विसंगत आहे. मोबाईलवर तर रोजची हद्द संपल्यावर वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. चार एमबीचें पिकाचें एक छायाचित्र त्या वेगानें पाठविण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यांत संपर्क तुटला तर आरंभापासून पुन्हां सुरुवात. बांधावर उभ्या असलेल्या माणसास असला वेग देणें म्हणजे तहानलेल्यास थेंबानें पाणी पाजणें होय.

'जास्त वापरणारा' या शब्दानें डोळ्यांपुढें एखादा शहरी रिकामटेकडा उभा केला जातो. खेड्यांत मात्र जास्त वापरणारा बहुधा एक माणूस नसतोच. सोसायटीची कचेरी, वाचनालय, दूध संकलन केंद्र, गांवच्या नाक्यावरील दुकान, यांच्या एकेका जोडणीवर दहा-वीस घरांचीं कामें होतात. मीटरला दिसतो तो एकच अधाशी ग्राहक. प्रत्यक्षांत ते वीस काटकसरी ग्राहक असतात. डिसेंबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें पीएम-वाणी योजना मंजूर केली. दुकानदारानें आपल्या जोडणीवरून गांवास वाय-फाय विकावें ही तिची कल्पना. परंतु कंपन्यांकडून या दुकानदारांस घरगुती जोडणीऐवजीं महागड्या व्यापारी तारा घेण्यास सांगितलें जाऊं लागलें, आणि योजना अपेक्षेप्रमाणें वाढेना. अखेर जून २०२५ मध्यें ट्रायनें ठरविलें कीं, दोनशें एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी अशा दुकानदारास घरगुती दराच्या दुपटीपेक्षां अधिक दरानें देऊं नये. हें पाऊल आम्हांस स्तुत्य वाटतें. अधिक वापर हा कित्येकदां अधिक माणसांचा वापर असतो, हें तत्त्व त्यांत मान्य झालें आहे. तेंच तत्त्व संस्थांच्या व वाचनालयांच्या जोडण्यांसही लागू व्हावें.

एका धोक्याकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. मर्यादा घालणारी कंपनीच जेव्हां स्वतःचे चित्रपट व कार्यक्रमही विकते, तेव्हां आपला माल हद्दींत न मोजण्याचा मोह तिला होतो. २०१५ सालीं कॉमकास्टनें आपली स्वतःची दूरचित्रवाणी सेवा मर्यादेबाहेर ठेवली होती. असें झालें म्हणजे मर्यादा हें वांटणीचें साधन न राहतां दुसऱ्याचें दुकान बसविण्याचें हत्यार होतें. पाटकऱ्याचें स्वतःचें शेत पाटावर असेल तर खालच्या शेतकऱ्यास झोंप लागत नाहीं, तसेंच हें आहे. सुदैवानें ट्रायनें ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं, मजकूर पाहून निरनिराळे दर लावण्यास बंदी करणारा नियम काढला, व २०१८ सालीं केंद्र सरकारनेंही सर्व मजकुरास समान वागणूक देण्याचें धोरण स्वीकारलें. अमेरिकेंत असेच नियम २०१५ सालीं झाले, २०१७ सालीं मोडले, २०२४ सालीं पुन्हां झाले, आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें ते रद्द केले. आपला नियम आज टिकून आहे; तो उद्यांही टिकावा म्हणून सावध राहणें आपल्या हातीं आहे.

या सर्व विवेचनावरून आमच्या मागण्या येणेंप्रमाणें निघतात. पहिली, हद्द असलेल्या योजनेस 'अमर्याद' हा शब्द लावण्यास मनाई असावी. वेग, हद्द व हद्दीनंतरचा वेग हे तीन आंकडे जाहिरातींत सारख्याच मोठ्या अक्षरांत व मराठींत छापावे. दुसरी, तारेच्या जोडणीवर मध्यरात्रीपासून पहांटेपर्यंतचा वापर हद्दींत मोजूं नये. तिसरी, दाटी आवरावयाची असल्यास ती दाटीच्या वेळेपुरती व सर्वांस सारख्या प्रमाणांत आवरावी, आणि कोणत्या भागांत केव्हां दाटी होते हें कंपनीनें प्रसिद्ध करावें. चौथी, हद्दीनंतरचा किमान वेग ब्रॉडबँडच्या चालू व्याख्येशीं, म्हणजे दोन एमबीपीएसशीं, जोडला जावा. पांचवी, जीं कामें सरकारनें शेतकऱ्यावर सोंपविलीं आहेत त्यांचीं ॲप मंद वेगावरही चालतील इतकीं हलकीं असावीं, व तुटलेलें काम जेथें तुटलें तेथूनच पुढें सुरू व्हावें. सहावी, भारतनेटची तार सार्वजनिक पैशानें टाकलेली आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें तिच्या सुधारित कार्यक्रमास १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. तेव्हां तिच्यावरून पुरवठा करणारास मनमानी हद्द घालण्याची मुभा नसावी.

यांतील एकही मागणी फुकटेपणाची नाहीं. जो अधिक रुंदी घेईल त्यानें अधिक द्यावें, हें आम्हांस मान्यच आहे. दाटीच्या वेळीं सर्वांनीं थोडें सरकून बसावें, हेंही मान्य आहे. जेथें दाटी नाहीं तेथें दाटीचें नांव सांगून पैसे घेऊं नयेत, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

शेवटीं आमच्या सभासदांस एक व्यवहाराची सूचना. जोडणी घेतांना दलालाच्या तोंडावर विश्वास न ठेवतां हद्दीचा आंकडा लेखी मागावा. तो न मिळाल्यास जोडणी घेऊं नये. घरांतील मोठीं कामें, म्हणजे छायाचित्रांची साठवण, यंत्रांच्या ॲपचें अद्ययावत् करणें, मुलांचे धडे उतरवून ठेवणें, शक्यतों रात्रीं उशिरां लावावीं. शेजाऱ्यास त्यानें मोकळी वाट मिळते. वेग एकाएकी उतरला तर तारीख व वेळ टिपून ठेवावी, प्रथम कंपनीकडे व दाद न लागल्यास तिच्या अपील अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, व तिची नक्कल संस्थेकडे द्यावी. एकट्या शेतकऱ्याची तक्रार कागदाच्या ढिगांत जाते. तालुक्यांतील चाळीस संस्थांच्या टिपणांची एक वही ट्रायपुढें ठेवली तर तिच्याकडे डोळेझांक करणें कोणासही सोपें नाहीं. ट्राय नवा नियम करण्यापूर्वीं मसुदा प्रसिद्ध करून लोकांचीं मतें मागवितें. त्या वेळीं कंपन्यांचीं उत्तरें जाडजूड बांधणींत येतात, आणि खेड्यांतून मात्र क्वचितच एखादें पत्र जातें. ही उणीव आपणच भरून काढावयास हवी. पाटाच्या पाळीसाठीं आपले वडील ज्या चिकाटीनें कचेरींत बसले, त्याच चिकाटीची आज या तारेसाठीं गरज आहे. प्रत्येक संस्थेनें येत्या सर्वसाधारण सभेंत हा विषय ठेवावा व आपल्या सभासदांचा अनुभव आमच्याकडे कळवावा. आलेलीं टिपणें एकत्र करून तीं योग्य ठिकाणीं पोंचविण्याचें काम आम्ही आनंदानें करूं.